ओटीतलं केळं

सरांनी पहिल्यांदा मला बघितलंच नव्हतं, माझी चप्पल बघितली हुती. आमी राहुरीला त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राह्यला आलो त्या दिवसाची गोष्ट. आमचे हे टेम्पोतून गाद्या उतरवीत हुते, मी डबे धरून उभी, आनि पुढच्या ओट्यावर एक उंच, वाळलेलं, बनियनवरचं मानूस उकिडवं बसून सगळ्यांच्या चपला जोडीजोडीनं लावीत हुतं. माझी एक चप्पल टेम्पोतच राह्यली हुती. त्या मानसानं दुसरी दोन बोटांत उचलली आनि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल आसं इचारलं, "हे एकगुणित कुणाचं?"

मी मुळात भित्री. मांजर आडवं गेलं तर मी मांजराआधी पळते. मला वाटलं मालक दिसतेत, आनि हितं एका चपलंवाल्यांना खोली देत नसतील. डबे तिथंच ठेवले, पळत टेम्पोत चढले, चप्पल आनली, म्होरं ठेवली.

"हां," ते म्हनले, "आता द्विगुणित झालं. या आत. पाणी सकाळीच येतं, भरून ठेवत जा."

तेच सर. जल्मभर जीवशास्त्र शिकवलं, मंग रिटायर झाले, पन शिकवनं काय अंगातून गेलं नव्हतं. शाळा न्हाई म्हनून समोर जो यील तो त्यांचा वर्ग. दूधवाला, गॅसवाला, मी. माझी शाळा आठवीत सुटलेली, आईबापामागं ऊसतोडीला जायचं आसायचं, पन सरांनी मला भाजी निवडता निवडता ओट्यावर बसवून सांगितलं की आपल्या अंगात बारीक बारीक पेशी आसत्यात, आनि दर पेशीत दोऱ्यावानी गुणसूत्रं. त्यांचा एक संच आईकडून येतो, एक बापाकडून. दोन संच म्हंजी द्विगुणित. एकच आसला तर एकगुणित, तीन आसले तर त्रिगुणित, आनि लई आसले तर बहुगुणित. माझ्या बाकी बोलन्यात 'ण' शोधून सापडनार न्हाई, पन गुणसूत्र मी नीट म्हनते. म्हनावंच लागायचं. गुनसूत्र म्हनलं की सर कोथिंबिरीची जुडी काढून घ्यायचे, नीट म्हनल्यावर परत द्यायचे.

एकदा हे डोक्यात बसलं की त्यांना दुनिया तशीच दिसायची. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याचं लग्न जमत नव्हतं, त्याला रोज हाक, "काय एकगुणित, कधी होताय द्विगुणित?" तो बिचारा गिऱ्हाइकाम्होरं लाजून लाल. जेवायला बसले तरी तेच. ज्वारी द्विगुणित, गहू सहा संचांचा, म्हनून भाकरी हलकी आनि चपाती जड, आसं त्यांचं म्हननं. "हा तुमचा शोध, पुस्तकातला नव्हे," काकू म्हनायच्या. काकू म्हंजी सरांची बायको. ठेंगनी, गोरी, बोलनं कमी. पन आतून नुसतं "अहो" म्हनल्या की सर बंद. नळाला तोटी आसती ना, तसं.

आनि ऊस! उसात म्हनं शंभराच्या वर गुणसूत्रं. "ऊस म्हणजे गुणसूत्रांची जत्रा आहे, पोरी," सर म्हनले. मी म्हनलं, तरीच. ल्हानपनापासून त्याच्या मोळ्या डोक्यावर वाह्यल्या, कुनी सांगितलं न्हाई की एवढं भरलंय आत. सर लई हसले. मंग एकदम हसायचे थांबले आनि मला म्हनले, "परत म्हण." मी परत म्हनलं. पन दुसऱ्यांदा ते हसले न्हाईत.

यांच्या टेम्पोत बसून कुठंबी जायला आवडायचं सरांना. एकदा घोडेगावच्या बाजारला गेले. म्हशीवाल्याजवळ उभं राहून सरांनी म्हैस मागनं-म्होरनं बघितली आनि म्हनले, "पन्नास."

म्हशीवाला म्हनला, "मास्तर, पन्नास हजारात कुनी शेपूट दीना. लाखाच्या खाली बोलू नका."

"अरे, तू म्हणतोस म्हणून वाढणार आहेत का? म्हशीला पन्नासच असतात. गाईला साठ."

"गाय कुठं हाय हितं? ती साठला घ्या मंग!"

दोघं हातघाईवर आले. आमच्या यांनी मधी पडून सोडवलं. परत येताना सरांनी यांना सांगितलं की मधमाशीतला नर एकगुणित आसतो, त्याला बाप नसतो, पन आजोबा आसतो. हे रातभर, नव्हं, आठवडाभर त्याच्यावर इचार करीत हुते. जेवताना घास हातात धरून म्हनायचे, "बाप न्हाई, पन आज्या हाय. कसं काय गं?" मी म्हनायचे, आईचा बाप. तर म्हनायचे, "व्हय की!" आनि दुसऱ्या दिवशी परत.

सगळ्यात बदनामी झाली ती मंगल कार्यालयात. आत अक्षता चालल्या हुत्या आनि सर बाहीर. शे-दोनशे चपलांचा ढीग त्यांना बघवंना. बसले जोड्या लावायला. वॉचमननं हाताला धरलं, वाटलं चपलाचोर. सर वरडले, "मी निवृत्त शिक्षक आहे, जोड्या लावतोय!" आनि त्या वॉचमननं बाकीच्यांना सांगितलं, "हा म्हातारा बाहीर बसून सोयरिकी बी जमवतोय." मंग तर दोन-तीन मुलींचे बाप खरंच सरांना येऊन भेटले.

आता खरं सांगायचं ते सांगते. हे सगळं मी हसून सांगते, पन त्या घरात मी आले तवा मला हसू येत नव्हतं. आदल्या साली मी आत्याबाईंबरूबर, म्हंजी माझ्या सासूबरूबर, ऊसतोडीला गेलते. पोटात पाचवा चालू हुता. आनि कोपीतच, उसाच्या पाचटाच्या त्या खोपटात, गेलं ते पोट. आत्याबाई म्हनल्या, मोळी उचलली म्हनून. जाऊ म्हनली, पपई खाल्ली म्हनून. माझी आई फोनवर म्हनली, अमावस्येला बाहीर गेली आसशील. मी सगळ्यांचं खरं धरलं. तिन्ही केलं हुतं ना मी. म्हनून यांनी ऊसतोड सोडली, टेम्पो धरला आनि मला राहुरीला आनलं.

तिथं परत दिवस गेले. आनि माझा जीव टांगनीला. शिंकले तरी भ्या, न्हाई शिंकले तरी भ्या. सर म्हनायचे, "भीतीच्या बाबतीत तू बहुगुणित आहेस." कायबी पोटात ठरत नव्हतं, भाकरी न्हाई, भात न्हाई, फक्त केळी ठरायची. दवाखान्यातल्या मॅडम म्हनल्या, ठरतंय ना, खा मंग. मी आतल्या खोलीत बसून खायचे. सरांम्होरं खायचंच न्हाई, घास तोंडात गेला की त्याची गुणसूत्रं निघायची.

सातव्यात आत्याबाई आल्या डोहाळजेवनाला. पाथर्डीहून यष्टीनं, दोन पिशव्या आनि दहा मानसांचा आवाज घेऊन. मागल्या अंगनात सतरंजी टाकली, गल्लीतल्या बाया बोलावल्या, सगळ्या पोराबाळाच्या. मला हिरवी साडी, हिरवा चुडा. ओटीत गहू, नारळ, खन, हळकुंड, आनि वरून पाच फळं. वर मानाची केळी. एकजन गानं म्हनत हुती, मी पदर धरून बसले हुते, आनि सर बादली घेऊन हौदावर आले. काकू बायांत नव्हत्या. गल्लीत कुनाची ओटी आसली की त्या दुसरीच्या हाती नारळ धाडायच्या, सोता यायच्या न्हाईत. मला वाटायचं, गर्दी आवडत नसंल.

सरांनी माझ्या ओटीकडं बघितलं. बादली ठेवली.

"ते केळं काढा," म्हनले.

गानं थांबलं. आत्याबाई म्हनल्या, "का वो सर? नासकं हाय का?"

"नासकं नाही. वांझ आहे!"

आनि माझ्या ओटीतलं एक केळं उचलून त्यांनी मधूनच मोडलं आनि सगळ्यांच्या डोळ्याम्होरून फिरवलं. मधी ते बारके काळे ठिपके आसत्यात ना, ते दाखवले. "ह्या बिया व्हायच्या होत्या. झाल्या नाहीत. का? तीन संच! त्रिगुणित! बी धरायचं म्हणजे गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात. दोघांची जोडी लागते, तिसरा एकटा राहतो. सगळी वाटणी फसते. केळं बुडाशी फुटणाऱ्या कोंबानं, मुनव्यानं वाढतं, त्याला बी होत नाही, पोर होत नाही. आणि हे तुम्ही पोटुश्या बाईच्या ओटीत घालता? मानानं?"

आत्याबाईंनी झडप घालून सगळी केळी बाहीर काढली. "अगं बया बया बया!"

एकजन म्हनली, "आमच्या सत्यनारायनाला बी केळंच आसतंय वो."

दुसरी म्हनली, "माझ्या ओटीत केळी हुती, मला तीन पोरं झाली की."

"म्हनूनच तीन," तिसरी म्हनली. "सर म्हनतेत ना तीनाचा काहीतरी घोळ हाय."

चौथीनं बिनबियांची द्राक्षं आनली हुती. तिनं ती हळूच पदराखाली घेतली आनि इचारलं, "आनि द्राक्षं वो सर?"

"द्राक्षाचं कारण वेगळं. ते द्विगुणितच आहे. बसा, सांगतो—"

"अहो!"

काकूंचा आवाज. सैपाकघराच्या दाराआडून. सर बंद झाले, बादली उचलली, पानी न भरताच गेले. पन ते "अहो" रोजच्यावानी नव्हतं. फाटलेलं हुतं.

बाया पांगल्या. माझं काय झालं ते कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई. मी किती केळी खाल्ली हुती ह्याचा हिशोबच नव्हता, डझनावारी, सात महिने दुसरं काय खाल्लंच नव्हतं. आत्याबाईंनी मीठ-मोहरीनं दिष्ट काढली, आनि वरून म्हनल्या, "आता केळ्याला शिवू नको." मी कशालाच शिवले न्हाई. पोटावर हात ठेवून पडले. बाळ हलंना आसं वाटायला लागलं. हे म्हनले, "अगं, मॅडमनीच सांगितलं हुतं खा म्हनून." मी म्हनले, मॅडम इंजेक्शन देतेत, सरांनी जल्मभर शिकवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर ओट्यावर चपला लावीत हुते. मी जाऊन उभी राह्यले. एका दमात म्हनले, "सर, मी लई केळी खाल्ली, सगळे महिने केळीच खाल्ली, माझ्या बाळाला तो तिसरा संच गेला आसंल का, त्याच्या जोड्या लागनार न्हाईत का, ते बी जाईल का?"

सरांनी हातातली चप्पल खाली ठेवली. मंग म्हनले, "बस. खाली बस. काही खाल्लंस का?"

"न्हाई."

"पोरी, तू जन्मभर ज्वारी खाल्लीस. तुला कणीस आलं का?"

मी म्हनलं, न्हाई.

"तुझ्या नवऱ्यानं एवढं बकरं खाल्लं. बें करतो का?"

"कवा कवा," मी म्हनलं. तोंडातून निघून गेलं.

"ते वेगळं. खाल्लेलं सगळं पोटात मोडतं, पचतं. कुणाचा संच तुझ्या बाळात शिरत नाही. बाळाचे दोन संच पहिल्या दिवशीच ठरले. हा तुझा." त्यांनी माझी चप्पल ठेवली. "हा त्याचा." यांची चप्पल तिच्याजवळ लावली. "बस. केळं बिचारं मधे येत नाही. डॉक्टरबाई बरोबर सांगतात. खा."

मी त्या दोन चपलांकडं बघत राह्यले. मंग दुसरं इचारलं, जे कुनालाच इचारलं नव्हतं. "सर, पहिलं गेलं ते मोळीनं का पपईनं?"

सर खाली फरशीवर नीट मांडी घालून बसले. "नेमकं का गेलं, ते आता कोणी सांगू शकत नाही. मीही नाही. पण अशी जी पोटं जातात ना, त्यातली कितीतरी ह्या वाटणीतल्या चुकीनं जातात. एखादं गुणसूत्र जास्त येतं, एखादं कमी. बांधकाम पुढं जात नाही. तेव्हा तू काय उचललंस, काय खाल्लंस, त्याला कोणी विचारत नाही. पपई पपईच्या जागी असते. अमावस्या आकाशात असते. पोरी, तू काही केलेलं नाहीस."

मला रडू आलं. मोठ्यानंच. काकू पदराला हात पुसत बाहीर आल्या.

"सांगा ना तिला," काकू म्हनल्या. "ओटीतल्या केळ्यावर राग का काढता, तेही सांगा."

सर चपला परत परत सरळ करीत राह्यले.

"मग मी सांगते. आम्हाला मूल नाही, हे तुला माहीतच आहे. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी बायकांनी मला ओटी भरायला पुढं बोलवायचं बंद केलं. तोंडानं कोणी म्हणायचं नाही. नुसतं मी गेले की म्हणायच्या, काकू, तुम्ही जरा चहाचं बघता का? मी बघायचे. ह्यांना ते सहन होत नाही. आणि केळं दिसलं की—"

"वांझ केळं चालतं," सर खालीच बघून म्हनले. "प्रत्येक ओटीत. वर, सगळ्यांच्या वर. आणि ही दारामागं."

मी भित्री हाय, हे परत सांगते, कारन पुढचं मी कसं बोलले मला अजून कळत न्हाई. मी म्हनले, "काकू, माझी ओटी तुमी भरा." आनि बोलल्या बोलल्या मला घाम फुटला. बाळ माझं हुतं. एक गेलेलं हुतं. पन शब्द बाहीर पडला हुता, आनि काकूंचं तोंड मी बघितलं हुतं.

आत्याबाईंना सांगितलं तर त्या चुलीवरचं कालवन तसंच सोडून उठल्या. "येडी झालीस का? बाई देवावानी हाय, मी कुठं नाव ठिवते? पन ओटी गं! तुला इषाची परीक्षा कशाला?"

"आत्याबाई," मी म्हनले, "पहिल्या बारीला तिसऱ्या महिन्यात चोरचोळीची ओटी भरली तवा पाच बाया हुत्या. पाची पोराबाळाच्या. तुमीच निवडून आनल्या हुत्या."

कालवन करपायला लागलं तवा आत्याबाईंनी ते उतरवून खाली ठेवलं, हात धुतले, आनि माझ्याकडं न बघता म्हनल्या, "केळी किती आनायची?"

परत सतरंजी. परत त्याच बाया. ह्या बारीला गल्लीतल्या न बोलावलेल्या बी आल्या, तमाशा बघायला. काकू त्यांच्या लग्नातला शालू नेसल्या हुत्या, कडांना घडीच्या रेघा पडलेल्या. हळदी-कुंकू लावताना त्यांचं बोट माझ्या कपाळाला लागलं ते गार हुतं. गहू घातले. नारळ ठेवला. केळं उचललं, "एक," म्हनल्या.

भिंतीपलीकडून सरांचा आवाज, "एक नको गं! दोन ठेव! जोडी लाव!"

आत्याबाई इकडून वरडल्या, "चिकटलेली जुळी न्हाई ना, बघून घ्या! एकच पुरं हाय आमाला!"

बाया हसल्या. काकूंनी दोन सुटी केळी उचलून नारळाजवळ ठेवली, आनि त्याच टायमाला बाळानं आतून आशी लाथ हानली की वरचं केळं घरंगळलं आनि सतरंजीवर पडलं. सगळ्यांनी बघितलं. काकूंचा हात ओटीवरच हुता, त्यांना बी लागलं. त्यांनी हात काढला न्हाई.

"अहो," काकू म्हनल्या. परत म्हनल्या, "अहो."

भिंतीपलीकडं सर गप. ह्या "अहो"नं गप बसा म्हनलं नव्हतं, तरी गप.

पोरगी झाली. सगळं नीट. सर दवाखान्यात आले, पोरीचं तोंड बघायच्या आधी दुपटं वर करून दोन्ही पाय बघितले, "जोडी आहे," म्हनले, आनि पिशवीतून एवढुशा लाल चपला काढल्या.

मी म्हनले, "सर, हिला चालायला वरीस लागंल."

"लागू दे. चपला आधी लावून ठेवाव्यात."

आता आमी परत पाथर्डीकडं राह्यतो. राहुरीला कधी गेलो की पोरगी धावत ओट्यावर चढती. तिथं सरांच्या मोठ्या चपला आसत्यात, त्यांच्याजवळ काकूंच्या, आनि दोघांच्या मधी त्या लाल. पोरीला कवाच ल्हान झाल्या, त्यांच्यावर धूळ सुदीक बसत न्हाई, काकू पुसतेत. गेल्या बारीला मी म्हनले, "सर, तीन जोड्या झाल्या की. त्रिगुणित."

सर मी काढलेल्या चपला सरळ करीत हुते. मान वर केली न्हाई.

"असू दे," म्हनले. "चपलांना चालतं."